दोनशेच्या आत नाही

"आठ खुर्च्या! आठ खुर्च्यांसाठी टेम्पो काढताय तुम्ही?"

मी शेडच्या दारात आडवी उभी होते. समोर आमचे हे, म्हणजे दिनकर पवळे, पवळे मंडप डेकोरेटर्सचे मालक, खुर्च्यांची चवड छातीशी धरून उभे. खुर्च्यांच्या वरून फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं.

"जावळ आहे गं, देसावळ्यांच्या नातवाचं. आठ खुर्च्या, एक पातेलं आणि ताडपत्री."

"आणि काल कुठं गेला होता?"

"काल पाचवी होती."

"आणि परवा?"

"परवा सुतारांच्या म्हातारीला दवाखान्यातून घरी आणलं ना. बघायला माणसं येतात, बसायला काही नाही म्हणून सहा दिल्या."

"सहा! अहो, आजारी माणसाला बघायला आलेल्यांना खुर्च्या पुरवणारा अख्ख्या महाराष्ट्रात दुसरा मंडपवाला दाखवा मला!"

ते हसले. त्यांचं हसणं हीच माझी मोठी अडचण होती. भांडायला उभं राहावं तर समोरचा माणूस हसतो, मग आपला राग आपल्यालाच पुरतो. मी बाजूला झाले. त्यांनी आठ खुर्च्या टेम्पोत ठेवल्या आणि गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा सात खुर्च्या होत्या, पातेल्याला तळाशी रवा करपून चिकटला होता आणि ताडपत्री "उद्या देतो" म्हणून तिकडेच राहिली होती.

याला पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि माझं डोकं सकाळपासून तापलेलं असायचं. तासगावात आमचा धंदा सासऱ्यांपासूनचा. पण मंडप कसला, तर पाइप, पत्रे, जुन्या लोखंडी खुर्च्या आणि डागाळलेल्या कनाती. मीच हट्टाला पेटले. मोठी लग्नं सांगलीच्या लोकांनी का न्यावीत? आम्ही का नाही? घरामागचा मोकळा तुकडा मी यांना विकायला लावला आणि सहाशे पांढऱ्या खुर्च्या, त्यांची कव्हरं, नवं स्टेज आणि नक्षीच्या खांबांची फायबरची कमान आणली. ज्या दिवशी ट्रक आला त्या दिवशी मी खुर्च्यांना हळदीकुंकू वाहिलं होतं.

तीन महिने झाले आणि ती कमान शेडमधून एकदाच बाहेर पडली होती. निम्म्या खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. माझे थोरले दीर येता-जाता म्हणायचे, "शैलानं मंडप नाही, म्युझियम काढलंय." मला ते ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि हे आमचे, सहाशे खुर्च्या शेडात असताना आठ खुर्च्या घेऊन गावभर फिरणार. कुणाचं बारसं, कुणाची सत्यनारायणाची पूजा, कुणाकडे पाहुणे. प्रत्येक ठिकाणी चढवा, उतरवा, धुवा, हरवलेलं शोधा. मोठ्या कामाला माणूस मोकळा तरी कसा राहणार?

मग गावात कुणकुण सुरू झाली की निकमांच्या मुलाचं लग्न निघतंय.

अण्णासाहेब निकम म्हणजे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असलेले. थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी चार हजार माणूस जेवू घातलं होतं आणि मंडप सांगलीहून आला होता. मुलगी कुठली म्हणे, तर कोल्हापूरची, बागायतदाराची. कुणी म्हणे पुण्याची, डॉक्टरची. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. मला मुलगी कुठली का असेना, मला ते लग्न हवं होतं. ते एक लग्न मिळालं की पुढची दहा आपोआप येतील, दिरांचं तोंड बंद होईल आणि विकलेल्या तुकड्याकडे मला मान वर करून बघता येईल. बस्स, एवढं एकच मनात.

त्याच आठवड्यात मी पेंटरला बोलावून शेडवर पाटी लिहून घेतली. 'दोनशे खुर्च्यांच्या आतील ऑर्डर स्वीकारली जाणार नाही.' लाल अक्षरात.

यांनी पाटी वाचली. दोनदा वाचली.

"शैला, हे जरा..."

"जरा नाही नि बिरा नाही. फोन आजपासून माझ्याकडे. तुम्हाला नाही म्हणता येत नाही, मला येतं."

आणि मला खरंच येत होतं. पहिल्या आठवड्यात मी अकरा जणांना नाही म्हणाले. मजासुद्धा यायला लागली होती, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी मी निकमांच्या कोल्ड स्टोरेजवर गेले. ऑफिसात बेदाण्याचा आंबूस-गोड वास भरून राहिलेला. अण्णासाहेबांनी माझे फोटो बघितले. खुर्च्यांचे, कमानीचे, स्टेजचे.

"सामान चांगलं आहे, ताई," ते म्हणाले. "आपल्याच गावात आहे हे माहीत नव्हतं."

"येऊन डोळ्यांनी बघा ना अण्णा. रविवारी येता?"

"रविवारी नको. रविवारी घरची सगळी बाहेर आहोत. सोमवारी बघू."

"सोमवारी सकाळी?"

"जमवतो."

त्यांच्या 'जमवतो'वर मी अर्धा फूट वर तरंगतच घरी आले. येताच कामाला लागले. सहाशेच्या सहाशे खुर्च्या बाहेर काढून धुवायच्या, पुसायच्या, कव्हरं घालायची, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत रांगेत मांडायच्या, पुढे स्टेज, त्यापुढे कमान. अण्णासाहेब आले की त्यांना मंडपच दिसला पाहिजे. दोन बाया मदतीला घेतल्या. हात सोलवटले, पण उत्साह दांडगा.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"नमस्कार, मी सूर्यवंशी बोलतोय. पोस्टातला."

पोस्टमन सूर्यवंशी आमच्याच भागात टपाल वाटायचे. सायकलवरून येणार, हाक मारून पत्र देणार, पाणीसुद्धा मागणार नाहीत असा माणूस.

"बोला भाऊ."

"वहिनी, परवा रविवारी जरा बारा खुर्च्या हव्या होत्या. आणि एक टेबल. सकाळी टाकायच्या, दुपारी न्यायच्या."

"बारा?"

"हां. घरगुती आहे. पण खुर्च्या जरा चांगल्या द्या."

माझ्या हातात ओलं फडकं होतं, समोर तीनशे खुर्च्या पुसून झालेल्या आणि तीनशे व्हायच्या होत्या. धुतलेल्या खुर्च्यांतल्या बारा काढायच्या, त्यावर कुणीतरी चहा सांडणार, मग सोमवारी अण्णासाहेबांसमोर डागाळलेली रांग. माझं टाळकंच सटकलं.

"भाऊ, दोनशेच्या आत आम्ही आता काही करत नाही. पाटी वाचली नाही का?"

"वाचली. म्हणून तर फोन केला. म्हटलं एकदा विचारावं."

"सगळ्यांना तेच सांगतेय. एकाला दिल्या की दुसरा रुसतो."



"वहिनी, थोडी नड होती."

"अहो भाऊ, बारा खुर्च्या त्या काय! शेजारीपाजारी मागून घ्या की. चार घरांतून तीन-तीन आणल्या की झालं."

"हां," ते म्हणाले. "बरं." आणि फोन ठेवला.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मी यांना बोलता बोलता सांगितलं. सांगितलं कसलं, फुशारकीच मारली. यांचा घास हातातच राहिला.

"सूर्यवंशींना नाही म्हणालीस?"

"का? ते कोण लाटसाहेब?"

"अगं, त्या माणसानं इतक्या वर्षांत कधी काही मागितलं नाही. बाबा गेले तेव्हा सगळ्या पावण्यांना तारा करायला तेच धावले होते. मी नेऊन देतो."

"मुळीच नाही."

"टेम्पो नको, सायकलवरून नेतो. चार खेपा मारतो."

"खेपा बारा मारा, पण खुर्ची हलणार नाही. सोमवारी निकम येतायत. माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ घातली की ते गप्प बसायचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून मी ते हत्यार दोनदाच वापरलं होतं. हे तिसरं. ते उठले, हात धुतला, ताटात अर्धी भाकरी तशीच. मला वाटलं, बसू दे फुगून. सोमवारी कळेल.

रविवारी सकाळी मी शेडसमोर उभी राहून माझ्या रांगा बघत होते. पांढऱ्या शुभ्र, एका ओळीत. एवढ्यात रस्त्यावरून तोडकर मामांचा हातगाडा आला.

मारुती तोडकर मामा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात लहान मंडपवाले. मंडपवाले म्हणायचं एवढंच. चाळीस खुर्च्या, त्यातही काही निळ्या, काही लाल, दोन मोठी पातेली आणि हा हातगाडा. साठीच्या पुढचे, खांद्यावर कायम निळा टॉवेल. मी त्यांना बघून मनात हसायची.

गाडा थांबवून ते म्हणाले, "सूनबाई, झ्याक मांडलंय की."

"निकम येणार आहेत उद्या बघायला."

"आरं वा." ते जरा घुटमळले. "सूनबाई, माज्या निम्म्या खुर्च्या वरच्या गल्लीत वास्तुशांतीला गेल्यात. राहिलेल्यात धड दहाच हायत. दोन कमी पडत्यात. दोन देशील का? दुपारच्याला आणून देतो, पुसून."

गाड्यावरच्या खुर्च्या कुठे चालल्यात हे मी विचारलंसुद्धा नाही. खरंच सांगते, डोक्यातच आलं नाही. मला फक्त माझी रांग दिसत होती, तिच्यातल्या दोन काढल्या तर पडणारं भगदाड दिसत होतं.

"मामा, पाटी तुमच्यासाठीसुद्धा आहे हो," मी हसत हसत म्हणाले. म्हणजे मला वाटलं, मी गमतीत म्हणतेय.

"व्हय, व्हय. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माज्या घरातल्या घेतो दोन." आणि गाडा वळवून परत आपल्या घराकडे गेले.

तो सगळा रविवार माझ्या सहाशे खुर्च्या उन्हात रिकाम्या उभ्या होत्या.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून सकाळी आठपासून तयार. चहाचं आधण तीनदा ठेवलं आणि तीनदा उतरवलं. अकरा वाजले, एक वाजला, चार वाजले. धूळ बसली म्हणून पहिल्या चार रांगा पुन्हा पुसल्या. संध्याकाळी बायांना म्हटलं, "जा तुम्ही." हे मागच्या बाजूला गुपचूप पाइप रचत होते. बोलले असते तर मी भांडले तरी असते!

मंगळवारी दूधवाल्याकडून कळलं. निकमांच्या मुलाचं ठरलं. रविवारी सुपारी फुटली. मुलगी गावातलीच. पोस्टमन सूर्यवंशींची प्राजक्ता.

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मुलगा आणि मुलगी दोघं शेतकी कॉलेजात एकत्र होते म्हणे. कोल्हापूरचा बागायतदार नाही आणि पुण्याचा डॉक्टर नाही. बारा खुर्च्या, एक टेबल, रविवारी सकाळी.

तरी मी स्वतःची समजूत काढली. झालं ते झालं. पैसा निकमांचा, थाट निकमांचा, मंडपही निकमच ठरवणार. मी तडक कोल्ड स्टोरेज गाठलं.

"या ताई, या," अण्णासाहेब फार खुशीत होते. त्यांनी पेढा दिला. "काल यायचं राहूनच गेलं. पण त्या मंडपाचं आता माझ्या हातात नाही."

"म्हणजे?"

"मी सुपारीला म्हटलं होतं, सगळं आम्ही करतो, तुम्ही फक्त हो म्हणा. तर सूर्यवंशी म्हणाले, जेवण तुमचं राहू द्या, पण लग्न आमच्याकडचं आणि मंडप माझा. ताठ माणूस. मला आवडलं. मी शब्द दिला. तुम्ही त्यांना भेटा की. तुमच्याच भागातले ना?"

म्हणजे इतके दिवस मी भलत्याच दाराला उभी होते. लग्न मुलीकडचं असतं, मंडप मुलीचा बाप घालतो, हे मंडपवाल्याच्या सुनेनं विसरावं? मी फक्त मोठं नाव बघितलं आणि त्याच्यामागे पळत सुटले.

सूर्यवंशींच्या घरी मी त्याच संध्याकाळी गेले. ते नुकतेच कामावरून आले होते, अंगणात पाय धूत होते. त्यांची बायको दारात आली, मला बघितलं आणि तशीच आत गेली.

"बसा वहिनी," ते म्हणाले. ओसरीवर सतरंजी होती. मी बसले.

"भाऊ, अभिनंदन. प्राजक्ताचं ऐकून फार आनंद झाला."

"सगळ्यांचे आशीर्वाद."

"मंडपाचं म्हणत होते. आमच्याकडे सगळं नवं आहे. तुम्ही म्हणाल तसं करू."

"मंडपाचं मी तोडकरांना सांगितलं, वहिनी."

"तोडकर मामांना? भाऊ, त्यांच्याकडे चाळीस खुर्च्या आहेत! निकमांची हजार माणसं येणार!"

"मी तेच म्हणालो त्यांना. ते म्हणाले, बघतो मी. मग मी पुढं विचारलं नाही."

माझा आवाज चढला. मला आवरलाच नाही. "असं कसं भाऊ? त्या दिवशी मी नाही म्हणाले म्हणून? तो आमचा नियम होता, तुमच्यावर राग नव्हता. तुम्ही नुसतं सांगायचं होतं ना, कशाला हव्यात म्हणून! सुपारी आहे म्हणाला असता तर बारा काय, शंभर पाठवल्या असत्या!"

सूर्यवंशींनी टॉवेलनं पाय पुसले. माझ्यासमोर येऊन बसले. आवाज अगदी हळू.

"सांगायचं नव्हतं म्हणून तर तुम्हाला फोन केला होता."

मला कळलं नाही.

"निकमांचं घर आमच्या दारात येणार होतं. सगळं अधांतरी होतं, वहिनी. त्यांच्या घरात दोघांचा विरोध होता. जमलं तर जमलं. नसतं जमलं तर? तुम्ही म्हणालात, शेजारून मागून घ्या. फोन ठेवून मी या दारातच उभा राहिलो. समोर माळ्यांचं घर, पलीकडे कांबळ्यांचं. दिल्या असत्या त्यांनी, का नाही? पण वर विचारलं असतं, कोण येणार आहे? खोटं मला बोलता येत नाही. मग दुपारपर्यंत गल्लीला कळलं असतं. आणि मोडलं असतं तर पोरीच्या नावावर कायमचं बसलं असतं, निकमांनी नाकारलेली म्हणून. दुसरं कोण आलं असतं दारात?"

आतून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. त्यांची बायको दाराआड उभी राहून ऐकत होती.

"खाली बसवावं तर निकमांच्या आईचे गुडघे गेलेले. मंडपवाला कसा असतो, सामान टाकतो आणि जातो. ज्या घरातलं त्या घरात ठेवतो. तुमचे सासरे तसे होते. दिनकरही तसाच आहे. म्हणून पहिला फोन तुमच्याकडे केला. मग आणखी दोघांकडे केला. बारा म्हटल्यावर कुणी नीट बोललंसुद्धा नाही. तोडकर मात्र आले. चुलीपुढच्या स्वतःच्या दोन लाकडी खुर्च्यासुद्धा घेऊन आले. टाकल्या आणि गेले. कोण येणार, काय आहे, एका शब्दानं विचारलं नाही."

मी म्हटलं, "चुकलं माझं भाऊ."

"चूक कसली? धंदा तुमचा, नियम तुमचा," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, तेच मला जास्त लागलं. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी तोडकर मामा शेडवर आले. टॉवेलशी चाळा करत उभे राहिले.

"दिनकर, सहाशे खुर्च्या लागत्यात. ष्टेज, कमान, समदंच. गावात तुमच्याकडंच हाय. देशील का मला भाड्यानं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी निर्णय माझ्यावर टाकला होता. माझ्या तोंडात 'नाही'च आलं होतं. कमान माझी, खुर्च्या माझ्या, घासून घासून हात माझे सोलवटलेले आणि नाव मामांचं? पण दोन खुर्च्या मागायला आलेला तो माणूस परत वळला होता तेव्हाची त्याची पाठ मला दिसत होती.

"घेऊन जा मामा," मी म्हणाले. "बोर्ड कुणाचा लागणार?"

मामा पार ओशाळले. "सूर्यवंशी म्हणत्यात, माजाच लावा. तुमचा बी लावूया का त्याच्याखाली?"

"नको. तुमचाच राहू दे."

लग्न दुपारी साडेबाराचं होतं, पोस्टाच्या मागच्या मैदानात. सकाळपासून आम्ही नवरा-बायको राबत होतो. आमच्या नक्षीच्या कमानीवर गंजका पत्र्याचा बोर्ड: 'मारुती मंडप, प्रो. मा. रा. तोडकर.' एका कोपऱ्यातला रंग उडालेला. माझे थोरले दीर जेवायला आले होते, त्यांनी बोर्ड वाचला, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. तेही मला झोंबलं.

अक्षता पडल्या. मी मागच्या रांगेत सरकलेली कव्हरं ओढून नीट करत होते. घामानं साडी अंगाला चिकटलेली, पदर खोचलेला. एक गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. मिरजेचे, निकमांचे पाहुणे. अंगठ्या, सोनेरी चष्मा.

"बाई, हा मंडप कुणाचा हो? फार नेटका घातलाय."

शब्द माझ्या ओठांवर होता. खोटंही नव्हतं ते, सगळा माल माझाच होता. पण समोर सूर्यवंशी हात जोडून एकेकाला जेवायला चला म्हणत होते, नव्या सदऱ्यात, डोळे लाल झालेले.

"तोडकरांचा," मी म्हणाले. "ते बघा, निळा टॉवेल."

गृहस्थांनी मामांना हाक मारली. मामा लगबगीनं आले.

"माझ्या मुलीचं लग्न आहे मार्गशीर्षात," गृहस्थ म्हणाले. "बाराशे माणूस होईल. कराल का मिरजेला येऊन?"

बाराशे! मामांनी मात्र आकडा ऐकला की नाही कोण जाणे.

"लग्नाला येळ हाय, पावणं," ते म्हणाले. "त्याच्या आदी घरात काय हाय का? बोलणी, सुपारी?"

गृहस्थांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आहे. येत्या गुरुवारी. अजून कुणाला बोललो नाही."

"किती माणसं?"

"दहा-बारा."

"सकाळी खुर्च्या येत्याल. टाकून जाईन, काय काळजी करू नका."

गृहस्थांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी मामांचा हात दोन्ही हातांत धरला, पत्ता लिहून दिला. मामा तो कागद खिशात ठेवत घाईनं पंगतीकडे गेले. मी तिथंच, कव्हराची नाडी हातात धरून. आठ वर्षं मी मंडपवाल्याच्या घरात काढली होती आणि हा एक प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता.

गृहस्थ जाता जाता माझ्याकडे वळले. माझा खोचलेला पदर आणि मळलेले हात बघून म्हणाले, "माणूस फार चांगला आहे हो. तुम्ही किती वर्षं आहात त्यांच्याकडे कामाला?"

"आजच लागले," मी म्हणाले.